पृच्छकपत्र

टॅरो पत्त्यांच्या साहाय्याने भविष्यकथन करताना प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीच्या जागी मानण्यात येणारा पत्ता. पत्ते पिसण्यापूर्वीच तो सामान्यतः संचातून निवडून पटावर उघडा ठेवतात आणि पुढे येणारे पत्ते त्याच्या संदर्भात वाचतात. इंग्रजीत त्यास ‘सिग्निफिकेटर’ म्हणतात. ही संज्ञा पाश्चात्त्य फलज्योतिषातून आली असून तेथे ज्या ग्रहावरून पृच्छकाचा अथवा विचारलेल्या गोष्टीचा विचार करावयाचा, त्या ग्रहास ती लावतात. भारतीय प्रश्नज्योतिषातील लग्नेश व कार्येश या कल्पना तिच्याशी पुष्कळशा जुळतात. टॅरोवाचनातील इतर सर्व पत्ते यदृच्छेने येतात. पृच्छकपत्र तेवढे जाणूनबुजून निवडले जाते. समोर बसलेल्या माणसाविषयी पत्तेवाचकाची जी पूर्वकल्पना असेल, ती वाचनात शिरण्याचे हे पहिले दार होय. निवड कोणत्या खुणेवरून करावी याविषयीची मते गेल्या दोन शतकांत वारंवार बदलली आहेत. माणूस कशावरून ओळखावा, याविषयीच्या त्या त्या काळातील समजुतींचे प्रतिबिंब या मतांत पडलेले दिसते.

टॅरोचा संच ७८ पत्त्यांचा असतो. त्यांपैकी २२ पत्ते चित्रांकित हुकमांचे असून उरलेले ५६ पत्ते दंड, चषक, खड्ग व नाणी या चार रंगांत विभागलेले असतात. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते आणि राजा, राणी, अश्वारूढ सरदार व सेवक असे चार दरबारी पत्ते असतात. पृच्छकपत्र बहुधा या सोळा दरबारी पत्त्यांतून निवडतात. हा संच पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाला. १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेब्लँ या फ्रेंच लेखकाने त्याचे मूळ प्राचीन ईजिप्तमध्ये असल्याचे प्रतिपादन केले व तेव्हापासून त्यास गूढविद्येचे वलय प्राप्त झाले. या प्रतिपादनास ऐतिहासिक आधार नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात टॅरोचा खेळ म्हणून असलेला इतिहास साधार मांडला आहे.

पृच्छकासाठी स्वतंत्र पत्ता राखण्याची कल्पना टॅरोपेक्षा साध्या पत्त्यांच्या भविष्यकथनात आधी दिसते. झां-बातीस्त आल्येत (१७३८–९१) या पॅरिसच्या व्यावसायिक भविष्यवेत्त्याने आपले आडनाव उलट्या क्रमाने लिहून ‘एतेला’ हे टोपणनाव घेतले होते. १७७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याने पिकेट या खेळाचा ३२ पत्त्यांचा संच भविष्यासाठी वापरण्याची रीत सांगितली व त्यात तेहतिसावा पत्ता घातला. हा जादा पत्ता म्हणजेच पृच्छक. त्यावर नाव मात्र ‘एतेला’ असे, म्हणजे खुद्द भविष्य सांगणाऱ्याचे होते ! पुढे १७८८–८९ च्या सुमारास त्याने भविष्यासाठी खास टॅरोसंच तयार केला, तेव्हा पहिला पत्ता पुरुष पृच्छकासाठी व आठवा पत्ता स्त्री पृच्छकासाठी नेमून दिला. या व्यवस्थेत निवडीचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. पृच्छक पुरुष आहे की स्त्री एवढेच पाहावयाचे. त्याचे वय, रूप, स्वभाव यांच्याशी पत्त्याला कर्तव्य नाही. एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झालेल्या व मारी आन लनॉर्मां (१७७२–१८४३) या भविष्यवेत्तीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ३६ पत्त्यांच्या संचातही हीच रीत आढळते. त्यातील अठ्ठाविसावा पत्ता गृहस्थाचा व एकोणतिसावा स्त्रीचा असतो. यांपैकी एक पृच्छकाचा ठरला, की दुसरा आपोआप त्याच्या जोडीदाराचा मानतात.

नियमांची गुंतागुंत वाढली ती इंग्लंडमध्ये. लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ या गूढवादी मंडळात सॅम्युएल लिडेल मॅक्ग्रेगर मॅदर्स यांच्या मार्गदर्शनाखाली टॅरोचा मोठा विधी रचण्यात आला. त्यात गोऱ्या व तांबूस केसांच्या व्यक्तींना दंड, मध्यम गोऱ्यांना चषक, मध्यम काळसरांना खड्ग आणि अत्यंत काळसर व्यक्तींना नाणी असे रंग वाटून दिलेले होते. या पद्धतीचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे : पृच्छकपत्र निवडले तरी ते संचाबाहेर काढीत नसत. पत्ते पिसून चार ढीग करीत व पृच्छकपत्र कोणत्या ढिगात पडले आहे ते पाहत. त्यावरून पृच्छा उद्योग वा झगड्यासंबंधी, प्रेमासंबंधी, संकटासंबंधी की पैशासंबंधी आहे हे ठरे आणि त्या पत्त्यावरील आकृतीचे तोंड ज्या दिशेस असेल, त्या दिशेने पुढील पत्ते मोजीत. येथे पृच्छक गर्दीतून शोधून काढावयाचा असतो. त्याची मूर्ती आपण निवडली, तरी त्याची जागा यदृच्छेने ठरते.

आर्थर एडवर्ड वेट हे याच मंडळाचे सदस्य. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढलेला संच १९०९ च्या अखेरीस लंडनमध्ये रायडर या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. त्याच्या विवरणार्थ वेट यांनी लिहिलेल्या पुस्तकातील (१९१०) निवडीचे नियम पुढे बहुतेक सर्व इंग्रजी पुस्तकांनी उचलले. त्यांनुसार चाळीस वर्षे वा त्यांहून अधिक वयाच्या पुरुषास सरदार, त्याहून लहान पुरुषास राजा, चाळिशी उलटलेल्या स्त्रीस राणी व त्याहून लहान स्त्रीस सेवक हा पत्ता द्यावा. वयस्क पुरुषास राजाऐवजी सरदार आणि तरुणीस सेवक ही वाटणी प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. गोल्डन डॉनच्या परंपरेत घोड्यावरील आकृती सर्वश्रेष्ठ मानीत, त्याचा हा अवशेष असावा असे मानले जाते. रंग ठरवावयाचा तो केस, डोळे व कांती यांवरून. पिवळे वा तांबूस केस, गोरी कांती व निळे डोळे असतील, तर दंड. फिकट तपकिरी केस आणि करडे वा निळे डोळे असतील, तर चषक. गडद तपकिरी केस, पिंगट वा करडे डोळे व निस्तेज कांती असेल, तर खड्ग. आणि काळे वा अतिशय गडद केस, काळे डोळे व सावळी कांती असेल, तर नाणी.

या नियमांमागे युरोपातील जुनी चतुर्दोषकल्पना आहे. शरीरातील चार रसांच्या प्रमाणावरून कांती व स्वभाव दोन्ही ठरतात असे ती मानी. म्हणून कांतीवरून स्वभाव ओळखता येतो, हे तिचे स्वाभाविक अनुमान होते. वेट यांनाही हे अनुमान पुरते पटलेले दिसत नाही. अतिशय काळसर असूनही उत्साही असलेल्या व्यक्तीस नाण्यांऐवजी खड्गाचा आणि गोरी परंतु आळशी असलेल्या व्यक्तीस दंडाऐवजी चषकाचा पत्ता द्यावा, अशी सवलत त्यांनी ठेवली आहे. परंतु सवलतीतूनही गृहीत प्रमेय स्पष्ट होते : काळसर माणूस मंद व गोरा माणूस तडफदार असणे हा नियम आणि त्याच्या उलट असणे हा अपवाद. वसाहतवादाच्या ऐन भरातील इंग्लंडमध्ये हे वाक्य कोणास खटकले नसेल. पुण्यात वा बारामतीत बसून तेच पुस्तक वाचणाऱ्यास मात्र ते खटकल्यावाचून राहत नाही. शिवाय नियम अक्षरशः पाळावयाचा, तर महाराष्ट्रातील जवळजवळ सर्व पृच्छक काळ्या केसांचे व काळ्या डोळ्यांचे म्हणून एकट्या नाण्यांच्या रंगात जमा होतात. सोळा दरबारी पत्त्यांपैकी बारा निरुपयोगी ठरतात व अवघ्या लोकसंख्येसाठी चार पत्ते उरतात. माणसामाणसांत भेद दाखविण्यासाठी केलेला नियम अशा रीतीने भेद दाखवीनासा होतो.

वेट यांच्या दहा पत्त्यांच्या मांडणीत पृच्छकपत्र प्रथम पटावर उघडे ठेवतात. पहिला पत्ता त्याच्यावर येतो व त्यास झाकतो. दुसरा पत्ता आडवा पडतो. नंतरचे चार पत्ते चार दिशांना आणि शेवटचे चार एका बाजूस उभ्या ओळीत मांडतात. म्हणजे एवढ्या विचाराने निवडलेला पत्ता पुढील सर्व वेळ दोन पत्त्यांखाली दडलेला असतो. व्यक्तीऐवजी प्रश्नाचा विषय मध्यभागी ठेवण्याचीही वेट यांनी मुभा दिली आहे. उदा., खटल्याचा निकाल विचारावयाचा असेल, तर ‘न्याय’ हा हुकूम निवडावा. यातील अडचण उघड आहे. एक पत्ता संचातून काढला, की तो मांडणीत येऊ शकत नाही. ७८ पत्त्यांतून दहा मांडले असता कोणताही विवक्षित पत्ता त्यांत येण्याची संभाव्यता सु. तेरा टक्के असते. ‘न्याय’ आधीच बाहेर ठेवला, तर खटल्याविषयीच्या वाचनात, ज्याची सर्वाधिक अपेक्षा असावी तोच पत्ता उत्तरादाखल येण्याची शक्यता शून्य होते. या कारणास्तव अनेक आधुनिक पत्तेवाचक पृच्छकपत्र निवडतच नाहीत आणि पृच्छक समोर बसलेला असताना त्याच्या चित्राची गरज नाही, असे म्हणतात. इतर काहीजण गोल्डन डॉनप्रमाणे ते संचात ठेवून शोधतात, तर काही पिसलेल्या संचातून एक पत्ता न पाहता ओढून त्यालाच पृच्छक मानतात. या शेवटच्या रीतीत निवड म्हणून काही उरत नाही.

कांतीचा निकष मागे पडल्यावर त्याची जागा मुख्यतः दोन निकषांनी घेतली. पहिला राशीचा. दंड हे अग्नितत्त्वाचे, चषक जलतत्त्वाचे, खड्ग वायुतत्त्वाचे व नाणी पृथ्वीतत्त्वाची मानून मेष, सिंह, धनू या राशींच्या व्यक्तींना दंड. कर्क, वृश्चिक, मीन या राशींना चषक. मिथुन, तूळ, कुंभ यांना खड्ग आणि वृषभ, कन्या, मकर यांना नाणी हा रंग देतात. भारतीय पृच्छकाच्या बाबतीत येथे दुहेरी घोटाळा होतो. पाश्चात्त्य पद्धतीत व्यक्तीची रास म्हणजे जन्मकाळी सूर्य असलेली सायन रास होय, तर मराठी माणूस आपली रास सांगतो ती जन्मकाळी चंद्र असलेली निरयन रास. सूर्यराशीच घेतली, तरी सायन व निरयन राशींत सु. २४ अंशांचे अंतर पडते. १ मे रोजी जन्मलेल्या व्यक्तीचा सूर्य सायन गणनेने वृषभेत व निरयन गणनेने मेषेत असतो. पहिल्या हिशेबाने तिला नाणी हा रंग मिळेल, दुसऱ्याने दंड. आणि तिने सवयीने चंद्रराशी सांगितली, तर चौघांपैकी कोणताही.

दुसरा निकष जन्मतारखेच्या अंकांचा असून अमेरिकन लेखिका मेरी के. ग्रीअर यांच्या १९८४ मधील पुस्तकामुळे त्याचा विशेष प्रसार झाला. दिवस, महिना व वर्ष यांची बेरीज करून येणाऱ्या संख्येतील अंक पुन्हा मिळवितात व बाविसापर्यंतची संख्या आली, की त्या क्रमांकाचा हुकूम त्या व्यक्तीचा समजतात. १५ ऑगस्ट १९४७ या तारखेची बेरीज १९७० येते, तिच्या अंकांची १७. सतरावा हुकूम ‘तारका’. १७ मधील अंक पुन्हा मिळविल्यास ८ येतात व वेट यांच्या क्रमानुसार तो हुकूम ‘सामर्थ्य’. राष्ट्राच्या जन्मदिनास शोभतील असे हे पत्ते आहेत खरे. तथापि त्या दिवशी सीमेच्या दोन्ही बाजूंस जन्मलेल्या प्रत्येक अर्भकाचेही पत्ते हेच ठरतात.

महाराष्ट्रात पत्ते प्राचीन नसले, तरी जुने आहेत. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा प्रसिद्ध असून त्याच्या हस्तनिर्मितीची कला सावंतवाडी संस्थानच्या राजघराण्याने १९७० नंतरच्या दशकात पुनरुज्जीवित केली. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येक रंगात बारा, असे त्यात १२० गोल पत्ते असतात. परंतु दरबारी पत्ते दोनच : राजा व प्रधान. राजा म्हणजे तो अवतारच. त्यात राणी नाही, सेवक नाही, वयोभेद नाही. पृच्छकपत्र निवडावयाचे म्हटले, तर पृच्छक देव किंवा देवाचा प्रधान एवढेच पर्याय उरतात व स्त्रीला तर स्थानच मिळत नाही. गंजिफा हा करमणुकीचाच खेळ राहिला. जत्रांतून पोपटाकरवी पाकीट उचलवून भविष्य सांगणारे आढळतात, त्यांच्याजवळही पृच्छकाचा पत्ता नसतो. पृच्छकाचे नाव विचारून पोपटाला ऐकविले, की त्याचे प्रतिनिधित्व तेथे संपते.

वस्तूला व्यक्तीच्या जागी मानण्याचे स्पष्ट उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथील घटमांडणीत सापडते. अक्षय्य तृतीयेस तेथे गावाबाहेरील शेतात वर्तुळाकार घट आखून कडेने अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मातीची चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याने भरलेली घागर व खाद्यपदार्थ ठेवतात. तेथेच पानविडा ठेवतात, तो राजाचा. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास धान्याची हालचाल, ढेकळांचा ओलावा व विड्याची स्थिती पाहून पीकपाणी आणि राज्यकर्ता यांविषयी भाकीत करतात. गादीवर कोणीही असला, तरी त्याच्यासाठी विडाच असतो. राज्ये बदलली, राजा जाऊन पंतप्रधान आले, विडा बदलला नाही. तो व्यक्तीचा प्रतिनिधी नसून पदाचा आहे आणि म्हणून निवडीची अडचण त्यास कधीच आली नाही.

प्रश्नज्योतिषात पृच्छकाचे रूप पाहण्याची आवश्यकता नसते. वराहमिहिराचा पुत्र पृथुयशस् याच्या षट्पंचाशिकेपासून नीलकंठाच्या ताजिकनीलकंठीपर्यंतच्या (१५८७) ग्रंथांत प्रश्न विचारला गेला त्या क्षणी पूर्व क्षितिजावर असलेली रास, म्हणजे लग्न, हीच पृच्छकाची जागा घेते. विवाहाचा प्रश्न असेल तर सप्तम, व्यवसायाचा असेल तर दशम स्थान कार्याचे. केरळात राशिचक्राच्या आकृतीवर सुवर्णखंड ठेववून आरूढ राशी काढण्याची पद्धत आहे. एकाच घटकेत विचारणारे दोन पृच्छक येथे जवळजवळ एकरूप होतात. त्यांच्यातील भेद प्रश्नामुळे उरतो, चेहऱ्यामुळे नाही.

तथापि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पृच्छकाचा सर्वांत प्रचलित प्रतिनिधी क्षण नव्हे, तर नावाचे आद्याक्षर हा आहे. सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना एकेक अक्षर नेमून दिलेले १०८ अक्षरांचे अवकहडा चक्र पंचांगात छापलेले असते. जन्मनक्षत्राच्या चरणावरून ठेवलेले ते नावरस नाव आणि रोज हाक मारावयाचे ते व्यवहारनाव. जन्मवेळ नोंदविलेली नसेल, तर व्यवहारनावाच्या अक्षरावरूनच रास धरतात. जन्मवेळ ठाऊक असली, तरी देश, ग्राम, गृह, युद्ध, नोकरी व व्यवहार यांच्या विचारात नामराशीच मुख्य मानावी, असा शास्त्रसंकेत आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात बलुतेदारांपैकी एक असलेला गावजोशी पंचांग पाहून हा हिशेब सांगत असे. नंदीबैलवाले व कुडमुडे जोशी हे भटके भविष्यवादी तर बहुधा नावावरच काम भागवीत.

गावालाही नाव असते, म्हणून गावालाही रास असते. अवकहडा चक्रात ब व व हे वर्ण एकच मानीत असल्याने ‘बारामती’चे आद्याक्षर रोहिणी नक्षत्राच्या दुसऱ्या चरणात पडते, ‘इंदापूर’चा इकार कृत्तिकेच्या दुसऱ्या चरणात. हे दोन्ही चरण वृषभ राशीत येतात. त्यामुळे नीरा-भीमेच्या या टापूतील दोन्ही तालुक्यांची मुख्य गावे एका राशीची ठरतात. राम दैवज्ञाच्या मुहूर्तचिंतामणी (१६००) या ग्रंथात, व्यक्तीच्या नामराशीपासून गावची रास दुसरी, पाचवी, नववी, दहावी वा अकरावी असल्यास ते गाव राहण्यास शुभ, असे सांगितले आहे. पंडितकवी मोरोपंत (१७२९–९४) यांचा जन्म पन्हाळ्यास झाला व पुढील आयुष्य बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने बारामतीस गेले. ‘मो’ हे अक्षर पूर्वाफाल्गुनीच्या पहिल्या चरणाचे, म्हणजे सिंह राशीचे. सिंहेपासून वृषभ दहावी; बारामती कवीस शुभ. पण पन्हाळ्याचा ‘प’ उत्तराफाल्गुनीच्या तिसऱ्या चरणात, कन्या राशीत पडतो व सिंहेपासून कन्या दुसरी असल्याने पन्हाळाही शुभच ! बारांपैकी पाच राशी अनुकूल असल्यावर सोडलेले व धरलेले अशी दोन्ही गावे अनुकूल निघाली, तर त्यात नवल नाही.

अक्षर हा प्रतिनिधी कांतीपेक्षा निष्पक्षपाती वाटतो, कारण तो गोरा-काळा भेद जाणत नाही. परंतु त्याचेही दार बाहेरून उघडता येते. महाराष्ट्रात अनेक घरांत विवाहसमयी वधूचे नाव बदलतात व ताम्हनातील तांदळांवर वराकडून ते लिहवितात. सुनंदा नावाची मुलगी ‘सु’ या अक्षराने शततारकेत, म्हणजे कुंभ राशीत येते. कुंभेपासून वृषभ चौथी. नियमानुसार बारामती वा इंदापूर तिला शुभ नाही. तांदळांवर ‘मालती’ असे लिहिले गेले, की तीच मघा नक्षत्रात, सिंह राशीत जाते व तीच गावे तिला दहावी म्हणून शुभ होतात. स्त्री तीच, गाव तेच. फरक पडला तो तिच्या प्रतिनिधीत आणि प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता. उलट प्रकार गावांच्या बाबतीत घडला. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयामुळे इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे उठली. पळसदेवसारख्या गावाची वस्ती दुसरीकडे गेली, जुने मंदिर जलाशयात राहिले, पण नाव कायम राहिले. घर, शेत, नदीकाठ सर्व बदलूनही अक्षराच्या हिशेबाने तेथे काहीच बदलले नव्हते.

पृच्छकपत्राने वाचन अधिक अचूक होते किंवा कसे, याचा विचार करताना दोन प्रयोग उपयुक्त ठरतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्ववर्णन म्हणून एकच मजकूर दिला. तो आपल्याला कितपत लागू पडतो यास विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी ४·२६ गुण दिले. आपल्यासाठी म्हणून सांगितलेले सर्वसामान्य वर्णन माणूस आपलेसे करतो, हे यातून दिसले. पटावर ‘हे तुम्ही’ म्हणून ठेवलेला पत्ता या प्रवृत्तीस पोषक असतो. राणीच्या चित्राकडे पाहता पाहता पृच्छक स्त्री तिच्या मुद्रेत स्वतःला पाहू लागते व पुढील विधानांना स्वतःच अर्थ पुरविते. दुसरा प्रयोग पुण्यातील. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थी व शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मकुंडल्यांतून प्रत्येकी चाळीस कुंडल्या ज्योतिषांकडे पाठवून कोणती कोणाची ते ओळखण्यास सांगितले होते. उत्तरे पाठविणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीहून किंचित कमी, आले. ही चाचणी जन्मकुंडलीची होती, टॅरोची नव्हे. परंतु जन्मकुंडली हीदेखील अनुपस्थित व्यक्तीच्या जागी ठेवलेली खूणच होय व केवळ खुणेवरून व्यक्ती ओळखता येते काय, एवढेच तीत पाहिले होते.

पत्तेवाचनाचे समुपदेशनाशी साम्य दाखविणारा एक पक्ष भविष्यकथनाचा दावा सोडून देतो. त्याच्या मते सोळा दरबारी पत्ते पृच्छकापुढे उघडे पसरावेत व आपला पत्ता त्यालाच निवडू द्यावा. कर्ज, आजारपण वा मोडलेला विवाह यांविषयी सरळ बोलू न शकणारा माणूस अमुक चित्र का निवडले हे सांगताना बोलू लागतो, असा या पक्षाचा अनुभव आहे. पत्ता येथे संवादाचे निमित्त म्हणून काम करतो आणि मघापासून ज्याची चर्चा केली त्या निवडीच्या अधिकाराचा प्रश्नही निकालात निघतो. मात्र बोलका झालेला पृच्छक लगेच सल्ल्याचीही अपेक्षा करतो व पत्तेवाचकास आजाराचे वा कायद्याचे ज्ञान असेलच असे नाही. महाराष्ट्रात २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने अघोरी व अमानुष प्रथांना शिक्षा ठरविली असली, तरी ज्योतिषांचा व नंदीबैलवाल्यांचा सल्ला त्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. टॅरोचा नामनिर्देश त्यात नाही.